झोपेतून उठून दिलेली साक्ष

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर तुमच्यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. तुम्ही रविवारच्या मराठी वर्गाला येता, मधल्या सुट्टीत या अडगळीच्या खोलीत डोकावता, आणि गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या माऊसमधली रबरी गोळी काढून नेली. माझा एकावर संशय आहे. पण मी नाव घेणार नाही. संशयावरून नाव घेतले की काय होते, ते मी एकदा पाहिले आहे. त्या प्रकरणात मुख्य साक्षीदार मीच होतो.

माझा जन्म बेंगळुरूच्या एसपी रोडवर, एका जिन्याखालच्या दुकानात झाला. साल होते एकोणीसशे शहाण्णव. माझी पेटी एका दुकानातली, पंखा समोरच्या दुकानातला, डिस्क कोपऱ्यावरच्या अण्णांची आणि पडदा कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतला. असे चार घरचे अवयव एकत्र बसवल्यावर कोण कोणावर विश्वास ठेवणार? मी जन्मापासूनच संशयी निघालो. पंख्याने जरा वेगळा आवाज केला की मला वाटायचे, हा आता पळून जाण्याच्या बेतात आहे.

माझा हा स्वभाव कामाचा होता, हेही सांगतो. वीज बंद करून मला थांबवले की माझ्या डोक्यातले बहुतेक सगळे पुसून जाते. उरते ते रुपयाच्या नाण्याएवढ्या एका बॅटरीवर जपलेले टिपण. त्यात तारीख असते, वेळ असते आणि माझ्याशी काय काय जोडलेले आहे त्याची यादी असते. सकाळी बटण दाबले की मी पहिल्यांदा हजेरी घेतो. कळफलक आहे का? फ्लॉपी आहे का? डिस्क आहे का? जो ओ देतो तो आत. जो ओ देत नाही त्याची तक्रार मी पडद्यावर लिहितो आणि हटून बसतो. एकदा कळफलकाचीच वायर सुटली होती. तेव्हा 'कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एक कळ दाबा' असे मी लिहिले आणि सगळे पोट धरून हसले. हसोत बापडे. हजेरी म्हणजे हजेरी.

बंद होणे वेगळे आणि झोपणे वेगळे, हे मात्र नीट समजून घ्या, कारण माझी सगळी कहाणी त्यावरच आहे. झोपताना मी डोके पुसत नाही. पडदा काळा करतो, चकती थांबवतो आणि जे जसे होते ते तसेच मनात धरून पडून राहतो. उठवले की तिथूनच पुढे चालू. त्या वेळी मी हजेरी घेत नसे. यादी माझ्याच डोक्यातली, माझ्याच हातची. तिच्यावर कसला संशय घ्यायचा, असे मला वाटे. जगावर संशय घेणाऱ्या माझ्यासारख्याला स्वतःवर संशय घ्यायचे सुचले नाही.

मला विकत घेतले ते बसवनगुडीतल्या पद्मावतीबाईंनी. त्यांना सगळे पद्माक्का म्हणत. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मराठी कुटुंबांसाठी वधूवर सूचक केंद्र होते आणि मागे घर होते. केंद्र सुरू केले त्यांच्या सासऱ्यांनी, भीमाचार्यांनी. शहरातल्या मराठी घरांतली उपवर मुलेमुली, त्यांची गोत्रे, नक्षत्रे, पत्रिका, घरची माहिती, सगळे त्यांनी पंधरा वर्षे जाड वह्यांमध्ये स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. पुढे त्यांची नजर अधू झाली, कानही जड झाले, आणि कारभार सुनेकडे आला. घरात आता हे दोघेच होते.

वह्यांना कसर लागली होती. त्या माझ्यात उतरवून घ्यायला पद्माक्कांनी कस्तुरी नावाच्या मुलीला कामावर ठेवले. ती निपाणीची. वय बावीस. वडील ज्योतिबा तंबाखूच्या वखारीत हमाली करत, आणि त्यांनी कर्ज न काढता, पोटाला चिमटा घेऊन मुलीला टायपिंग शिकवले होते. ती मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि सकाळी नऊला हजर व्हायची. आठ महिने ती माझ्यासमोर बसून त्या वह्या टाईप करत होती. भीमाचार्यांचे अक्षर लागले नाही की ती उठून आत जायची, त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारायची आणि परत येऊन बसायची. मला तिचा राग यायचे काही कारण नव्हते. तरी मी तिच्यावर नजर ठेवून होतो. मी सगळ्यांवरच ठेवायचो.

ते माझे मानाचे दिवस होते. लोक लांबून लांबून यायचे आणि कस्तुरीने दोन कळा दाबताच पडद्यावर जुळणारी चार स्थळे उमटली की तोंडात बोट घालायचे. कोणी मला हात लावून नमस्कारही करायचे. मी मनातल्या मनात फुलून जायचो, आणि लगेच शंका यायची की हा माणूस नमस्काराच्या निमित्ताने धूळ तर पुसून घेत नाही ना.

माझी डिस्क भरत आली तेव्हा शंतनूने एक जास्तीची डिस्क आणली. शंतनू हा मला दुरुस्त करणारा इंजिनियर. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, कोरमंगलाला मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा, आणि सदा घाईत असलेला. नवी डिस्क डब्याएवढ्या पेटीत होती. तिची एक वायर माझ्या पाठीत जायची आणि दुसरी भिंतीतल्या प्लगमध्ये. ती टेबलाखाली, माझ्या मागे ठेवली होती. सगळी स्थळे त्या पेटीत गेली. मग कसर लागलेल्या वह्या पद्माक्कांनी रद्दीत दिल्या. त्या दिवशी भीमाचार्य जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी कस्तुरीला विचारले, "मग आता सगळं कुठं आहे, मुली?" तिने वाकून पेटीवर हात ठेवून दाखवले. "हितं हाय, आजोबा. तुमचं एक अक्षर बी गेलं न्हाई." म्हातारबुवांनी पेटीकडे बराच वेळ पाहिले आणि मान हलवली.

आता राहुकाळाची गोष्ट. तुमच्या घरी पाळत असतील तर तुम्हाला ठाऊक असेलच की रोज दीड तास राहुकाळ असतो आणि त्यात कशाचाही आरंभ करायचा नसतो. पद्माक्का हे काटेकोर पाळायच्या. अडचण अशी की जेवणाच्या वेळी त्या मला बंद करायच्या, आणि बुधवारी राहुकाळ बरोबर बारा ते दीड. म्हणजे दीड वाजेपर्यंत मला चालू करायची सोय नाही. त्यांनी शंतनूला विचारले.

"अय्यो, गिऱ्हाईक येऊन बसतात रे. राहुकाळात बटण कसं दाबू?"

"अक्का, सिंपल आहे. बंद करूच नका ना. सस्पेंड करा. झोपतो तो फक्त. नंतर उठवायचं, की जिथे होता तिथून कंटिन्यू."

"म्हणजे आरंभ नव्हे?"

"नाही हो, आरंभ कसला. झोपलेला माणूस उठला तर त्याचा पुनर्जन्म होतो का?"

"सरी, ठीक आहे मग," पद्माक्का म्हणाल्या आणि त्यांना फार बरे वाटले. तेव्हापासून दर बुधवारी बाराला मला झोपवू लागले.

सत्त्याण्णवच्या नवरात्रातला बुधवार. सप्तमी होती. सकाळी कस्तुरीने काम केले आणि बारा वाजता, पेटीतल्या स्थळांची यादी पडद्यावर उघडी असतानाच, मला झोपवले. ती खानावळीत जेवायला गेली. पद्माक्का स्वयंपाकघरात गेल्या. पुढे चार वाजेपर्यंत मला काही ठाऊक नाही. झोपेत मला ना दिसते, ना ऐकू येते. नंतर कळले ते असे की दुपारी कस्तुरी परत आली, पण सणाचे दिवस म्हणून माझे काम नव्हते. ती शेजारच्या टेबलावर बसून केंद्राच्या वधूवर मेळाव्याच्या निमंत्रणांच्या पाकिटांवर हाताने पत्ते लिहीत होती.

चार वाजता शंतनू आला. पद्माक्कांनी त्याला मुद्दाम बोलावले होते, कारण पेटी अधूनमधून घरघर करायची. त्याने माऊस हलवून मला उठवले. मी डोळे उघडले आणि झोपताना जे होते तेच पडद्यावर मांडले. पेटीचे नाव, खाली स्थळांची यादी, ओळीने. मी मागे वळून पाहिले नाही. शंतनूनेही पाहिले नाही.

"हे बघा अक्का, डिस्क आहे, डेटा आहे, सगळं दिसतंय. चेक केलं मी. एकदम ओके."

पद्माक्कांनी स्वतःच्या डोळ्यांनी यादी पाहिली. साडेचारला त्या ओळखीच्यांकडे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्या बघायला आणि हळदीकुंकवाला निघाल्या, आणि शंतनूने त्यांना स्कूटरवरून सोडले. जाताना त्याने मला पुन्हा झोपवले. भीमाचार्य मठात प्रवचनाला गेले होते. घरात सहा वाजेपर्यंत कस्तुरी एकटी होती आणि पाकिटे लिहीत होती.

सहाला पद्माक्का परत आल्या. हळदीकुंकवात कोणीतरी स्थळ विचारले होते. त्यांनी मला उठवले, यादीतले एक नाव उघडायला गेल्या, आणि मी अडखळलो. पेटीला हाक मारली. ओ नाही. पुन्हा हाक मारली. मग पडद्यावर लिहिले की पेटी वाचता येत नाही. कस्तुरी टेबलाखाली वाकली. तिथे नुसती वायर लोंबत होती. पेटी नव्हती.

त्या क्षणी मला काय वाटले ते लपवत नाही. मला वाटले, सापडली! चार वाजता पेटी होती, याचा साक्षीदार मी स्वतः. चारनंतर खोलीत होते कोण? एकटी कस्तुरी. एवढे सोपे गणित मी सेकंदाच्या हजाराव्या भागात करतो. पद्माक्कांना जरा जास्त वेळ लागला, पण उत्तर तेच आले.

त्यात बनशंकरीला त्याच महिन्यात एक नवे वधूवर केंद्र निघाले होते. आपली गिऱ्हाइके ते पळवतील ही धास्ती पद्माक्कांना होतीच. पंधरा वर्षांची स्थळे आयती हातात पडली तर त्यांना काय हवे? संशयाला एकदा पाट दिला की तो ताटही मागतो.

"माझ्या मागे कोणी आलं होतं का?" त्यांनी विचारले.

"न्हाई अक्का. कोण बी आलं न्हाई."

तिने खरे सांगितले आणि स्वतःचीच वाट बंद करून घेतली. कोणी आले होते असे म्हणाली असती तर वाचली असती. खोटे बोलणारी माणसे मी ओळखतो असा माझा समज होता, पण हे मला त्या वेळी कळले नाही.

पद्माक्कांनी तिची पिशवी बघितली. पिशवीत डबा, छत्री आणि घरी पाठवायला घेतलेले पोस्टकार्ड निघाले. कस्तुरी पिशवी धरून उभी होती. "दसरा होईपर्यंत येऊ नकोस," पद्माक्का म्हणाल्या. "पेटी घेऊन आलीस तर मात्र ये. मी कोणाला सांगणार नाही." शेवटचे वाक्य तिला सगळ्यांत जास्त लागले असावे. ती पिशवी उचलून गेली. भीमाचार्यांना मात्र काही सांगायचे नाही असे पद्माक्कांनी ठरवले. रक्तदाबाचे माणूस, पंधरा वर्षांची मेहनत गेली हे ऐकून काही झाले तर? त्यामुळे घरातल्या एकाच माणसाला कोणी काही विचारले नाही.

कोणाला सांगणार नाही म्हणणाऱ्या पद्माक्कांनी दुसऱ्याच दिवशी निपाणीला फोन केला. ज्योतिबांच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी व्यंकोजी किराणावाल्याचे दुकान होते, तिथला नंबर कस्तुरीने कामाला लागताना लिहून दिला होता. ज्योतिबा वखारीत गेले होते. मग पद्माक्का व्यंकोजींनाच म्हणाल्या, "त्यांना सांगा, केंद्रातली एक किमती वस्तू कस्तुरीच्या हातून गेली आहे. विचारा म्हणावं मुलीला." मी टेबलावर बसून ऐकत होतो. किराणा दुकानात सकाळी दहाला किती माणसे असतात ते तुम्हीच सांगा. कस्तुरीवर चोरीचा आळ आला ही बातमी तिच्या बापाच्या आधी गल्लीला कळली. ज्या मुलीने पाचशे मुलींची स्थळे टाईप केली, तिला आता कोण स्थळ देणार होते आणि कोण नोकरी देणार होते?

शुक्रवारी नवमी, आयुधपूजा. मी बंद होतो, म्हणून आधीचे थोडे ऐकीव सांगतो. त्या दिवशी बेंगळुरूत रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हार घालतात, हळदकुंकू लावतात आणि दिवसभर कामाला लावत नाहीत. साडेदहाला राहुकाळ लागणार होता, म्हणून दहालाच पद्माक्का तबक घेऊन आल्या. शंतनूही प्रसादाला आला होता. माझ्या डोक्यावर शेवंतीचा हार चढणार, एवढ्यात दारात कस्तुरी उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता.

"अक्का, पूजेच्या आधी मला एकदा मशीनला हात लावू द्या. पाच मिनिटं. मग मी जाते."

पद्माक्कांनी घड्याळाकडे बघितले. "स्वल्प वेळ आहे. काय करायचं ते लवकर कर."

तिने बटण दाबले. बंद अवस्थेतून मी जागा झालो आणि शिस्तीने हजेरी घेतली. पेटीला हाक मारली, ओ आली नाही, यादीतून नाव गेले. मग कस्तुरीने पिशवीतून एक फ्लॉपी काढली, माझ्या तोंडात घातली आणि तिच्यातली यादी पडद्यावर उघडली. तिघांनी पाहिली. तिने मला झोपवले. पुढचे मला नंतर कळले. मी झोपलो असताना तिने फ्लॉपी बाहेर काढली आणि उजव्या हातात उंच धरली. डाव्या हाताने माऊस हलवला.

मी उठलो आणि पडद्यावर यादी मांडली. फ्लॉपीचे नाव, खाली कागदांची नावे, ओळीने. अगदी ठामपणे.

"बघा अक्का," कस्तुरी म्हणाली. "फ्लॉपी माझ्या हातात हाय, आणि ह्यो म्हणतोय ती पोटात हाय. बुधवारी चार वाजता बी ह्यानं असंच सांगितलं. पेटी चारच्या आधीच गेली असणार. मी झोपवलं बाराला. बारा ते चारमधी कवाबी."

मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी चोरी पाहिली नव्हती, पेटी पाहिली नव्हती, काहीच पाहिले नव्हते. झोपेच्या आधीची शिळी यादी मी ताजी म्हणून वाढली होती आणि तिच्यावर एका मुलीचे नाव खराब झाले होते. आणि हे शोधून काढले ते तिने, जिला मी चोर ठरवले होते. दोन रात्री जागून तिने विचार केला होता. मी हजारो गणिते करतो, पण हे एक मला सुटले नव्हते.

शंतनूचा चेहरा पडला. "अक्का, मी चेक केलं म्हणालो, पण मी फक्त स्क्रीन बघितली. खाली वाकलो नाही. सॉरी, माझी चूक आहे."

पद्माक्का खुर्चीवर बसल्या. "बारा ते दीड कस्तुरी इथं नव्हती," त्या हळूहळू म्हणाल्या. "मी होते, आणि मामंजी होते." मग त्या उठून आत गेल्या आणि बाहेर मला ऐकू आले त्या आवाजात त्यांनी विचारले, "मामंजी, टेबलाखालची काळी पेटी तुम्ही बघितलीत का?"

"पेटी होय?" भीमाचार्य काठी टेकत बाहेर आले. "ती सरस्वतीजवळ आहे की. बुधवारी मूळ नक्षत्र होतं ना. दरसाल वह्या ठेवतो सरस्वतीपुढे. या वर्षी वह्या कुठं आहेत? मुलीनं दाखवलं होतं, सगळं त्या पेटीत आहे म्हणून. तुम्ही जेवणात होता. प्लग काढला, पेटी आणली, राहुकाळ संपल्यावर पोथ्यांखाली ठेवली आणि वर रेशमी वस्त्र घातलं. का, काही अडलं का?"

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. सरस्वतीच्या आवाहनाला पुस्तके ठेवली की विजयादशमीला विसर्जन होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून ते वस्त्र कोणी उचलले नव्हते. पद्माक्का दोन दिवस त्याच गाठोड्याला कुंकू लावत होत्या आणि हात जोडून म्हणत होत्या की आई, आमची पेटी सापडू दे.

त्यांनी रडत रडत सासऱ्यांना सगळे सांगितले. "विसर्जन उद्या आहे," भीमाचार्य म्हणाले. "पण या मुलीवर आळ आहे म्हणतेस, तर आत्ताच उचलतो. देवी माझ्यावर रागावली तर रागावू दे." आणि ते देवघराकडे वळले.

"नका आजोबा," कस्तुरी म्हणाली. "उद्यापातूर राहू दे. तुम्ही ठेवली म्हणता, म्हंजे हाय. बघायला कशाला पायजे?"

तिने त्यांचा शब्द जसाच्या तसा घेतला. तिचा शब्द मात्र त्या घरात कोणी घेतला नव्हता. हे पद्माक्कांना कळले, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला. मलाही कळले.

"मी तुझ्या घरी फोन करते," पद्माक्का म्हणाल्या. "वडिलांना बोलावून घ्यायला सांगते."

"आधी दुकानात सांगा अक्का. तुमचा पयला फोन समद्या दुकानानं ऐकला."

पद्माक्कांनी फोन लावला. पलीकडे व्यंकोजी होते. पद्माक्का उभ्या राहून, मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "मी बेंगळुरूहून पद्मावती बोलते. काल मी कस्तुरीबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. वस्तू आमच्याच घरात होती. तिने काही घेतलं नाही. माझी चूक झाली. दुकानात जे कोणी उभे असतील त्या सगळ्यांना हे सांगा." पलीकडून कुजबुज ऐकू आली. मग फोनवर दुसरा आवाज आला. दसऱ्याची सुट्टी म्हणून ज्योतिबा दुकानातच बसले होते. पद्माक्कांनी त्यांना पुन्हा सगळे सांगितले आणि माफी मागितली.

ज्योतिबा मोठ्याने बोलत होते, लांबच्या फोनवर बोलतात तसे. त्यामुळे खोलीत सगळ्यांना ऐकू आले.

"ते मला पयल्यापासनं ठावं हाय, बाई. माझी पोरगी हाय ती. तेवढं तिला जेवाय घाला. दोन दिवस काय खाल्लं नसंल तिनं."

कस्तुरी इतका वेळ ताठ उभी होती. ते ऐकून ती खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. साडेदहा वाजून गेले होते, राहुकाळ लागला होता, आणि माझी पूजा राहून गेली होती. पद्माक्कांनी घड्याळाकडे पाहिलेही नाही. तबक तसेच माझ्यासमोर ठेवून त्या आत गेल्या आणि ताट वाढून घेऊन आल्या. पेटी बघितली नव्हती, विसर्जन झाले नव्हते, तरी त्या खोलीतल्या कोणालाही आता काही शंका उरली नव्हती. मलासुद्धा नाही, आणि तो माझ्या आयुष्यातला तसा पहिलाच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी वस्त्र उचलले तेव्हा पेटी तिथेच होती. कस्तुरी दिवाळीपर्यंत केंद्रात राहिली, उरलेली पाकिटे आणि नव्याने आलेली स्थळे पुरी केली, आणि मग कोरमंगलाच्या एका कंपनीत नोकरीला लागली. पद्माक्कांनी खूप आग्रह केला, पण ती थांबली नाही. मला तिचा राग आला नाही. पिशवी उघडून दाखवावी लागली त्या खोलीत रोज नऊला येऊन बसणे सोपे नसते. जाण्याच्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ पुसली, एवढे मात्र आठवते.

आता नव्व्याण्णव संपत आले आहे. सन दोन हजार लागले की जुन्या संगणकांची डोकी फिरतील असे सगळे म्हणतात. पद्माक्कांनाही तसा संशय आला आणि त्यांनी मला केंद्रातून काढून तुमच्या वर्गाला देऊन टाकले. तेव्हापासून मी इथे फाटक्या सतरंज्यांच्या शेजारी पडून आहे. माझी बॅटरी संपत आली आहे, तारीख मागे पडते, आणि अलीकडे मी स्वतःच्याही यादीवर फारसा विश्वास ठेवत नाही.

तुम्हाला एवढीच विनंती आहे. मला चालू केलेत तर अधूनमधून माझ्या वायरी घट्ट करा, धूळ पुसा, आणि झोपेतून उठवलेत तर मी जे दाखवीन त्याला लगेच मान डोलावू नका. माझ्यासारखे यंत्र झोपण्यापूर्वी जे ठाऊक होते तेच सांगते, आणि फार खात्रीने सांगते. कोणा माणसाकडे बोट दाखवायची वेळ आली, तर आधी गुडघे टेका, टेबलाखाली वाका आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घरात जो म्हातारा माणूस असेल, त्यालाही विचारा. त्या बुधवारी एवढे कोणी केले असते, तर कस्तुरी दोन दिवस उपाशी राहिली नसती.